कालबाह्य संगणकाची राखण : प्रस्तावना

‘विंडोज एक्सपीवर कोणता अँटिव्हायरस टाकू?’ हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि तो विचारणारी माणसे निष्काळजी नसतात. तालुक्याच्या गावी डीटीपीचे दुकान चालवणाऱ्याकडे पेजमेकर ७ असते, श्रीलिपीचे फॉन्ट असतात आणि संगणकाच्या मागे सॉफ्टवेअरच्या परवान्याचे एक डोंगल लावलेले असते. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल त्याच संगणकात साठलेले. नव्या संगणकावर डोंगलचा ड्रायव्हर चालत नाही आणि जुनी फाइल उघडली तर जोडाक्षरे विस्कटतात. एखाद्या कारखान्यातील सीएनसी यंत्राला किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील उपकरणाला जोडलेल्या संगणकाचेही असेच असते. यंत्र ठणठणीत असते, पण ते चालवणारे सॉफ्टवेअर जुन्या प्रणालीखेरीज कशावरही बसत नाही. अशा माणसाला ‘नवा संगणक घ्या’ म्हणणे म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकताच उत्तर देणे. हे पुस्तक त्याचा प्रश्न मनापासून ऐकून लिहिले आहे.

आधी ‘कालबाह्य’ म्हणजे नेमके काय ते पाहू. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. विंडोज ७ ची नियमित देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली, तर विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवसानंतर संगणक बंद पडत नाही, कालच्यासारखाच चालतो, म्हणून धोका जाणवत नाही. बदल होतो तो दुसरीकडेच. चालू प्रणालींसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. हल्लेखोर दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी-शेजारी ठेवून कोणते भोक बुजवले ते शोधतात. तेच भोक पुष्कळदा जुन्या प्रणालीतही असते, फक्त तिथे ते कोणी बुजवणार नसते. नव्या संगणकाची प्रत्येक डागडुजी अशा रीतीने जुन्याची एखादी कमजोरी उघड करत जाते.

अँटिव्हायरस ही भोके बुजवत नाही. तो विषाणू ओळखायचा प्रयत्न करतो, आणि त्यालाही मर्यादा आहे. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४ साली संगणकीय विषाणूंवरचा आपला प्रसिद्ध निबंध मांडला. कोणताही प्रोग्राम विषाणू आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी पद्धत तत्त्वतःच असू शकत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. या विद्याशाखेचा पाया इतका नम्र आहे, आणि ‘शंभर टक्के संरक्षण’ अशी अक्षरे खोक्यावर छापणाऱ्यांनी तो विसरू नये असे मला वाटते.

१२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या विषाणूने अँटिव्हायरसची ही मर्यादा साऱ्या जगाला दाखवली. कोणी फाइल उघडण्याची, कशावर क्लिक करण्याची गरजच नव्हती. विंडोजमधील फाइल-देवाणघेवाणीच्या जुन्या एसएमबी व्यवस्थेतील भोकातून तो एका संगणकातून दुसऱ्यात आपला आपण जात होता. सुमारे १५० देशांतील संगणक त्याला बळी पडले, इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या सुमारे एकतृतीयांश ट्रस्टचे काम विस्कळीत झाले. मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही तातडीने दुरुस्ती काढली. पण पुढच्या तपासात दिसले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. बाधित संगणकांत बहुसंख्य विंडोज ७ चे होते. तिची देखभाल तेव्हा चालू होती, दुरुस्ती १४ मार्चलाच येऊन पडली होती, फक्त कोणी ती बसवली नव्हती. एक्सपीवर हा विषाणू बहुतेक वेळा नीट चालतच नव्हता, संगणक निळा पडून बंद होत असे. म्हणजे दुरुस्ती न बसवलेली नवी प्रणालीही व्यवहारात कालबाह्यच असते.

दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या आला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेल्या या विषाणूने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या जगभरच्या यंत्रणा पाडल्या आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलवर कंटेनरांची चढउतार खोळंबली. उरणच्या रस्त्यावरील ट्रकचालकाचा युक्रेनमधल्या हिशेबाशी काही संबंध नव्हता, तरी झळ त्याच्यापर्यंत पोहोचली.

मग करायचे काय? मला सर्वांत उपयोगी वाटणारे उत्तर रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना दिलेल्या आदेशात सापडते. तेव्हा देशातील कितीतरी एटीएम एक्सपीवर चालत होती. ती जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदला, असे बँकेने सांगितलेच. पण तोवर काय करायचे तेही सांगितले. बायोसला पासवर्ड घाला, यूएसबी पोर्ट बंद करा, पेन ड्राइव्ह लावताच त्यातले आपोआप चालू करणारे ऑटोरन बंद करा, आणि व्हाइटलिस्टिंग बसवा, म्हणजे ठरावीक यादीतील प्रोग्रामच चालू द्या. या शेवटच्या सूचनेत माझ्या मते या विषयाचे मर्म आहे. अँटिव्हायरस प्रत्येक येणाऱ्याकडे पाहून ‘हा चोर आहे का?’ असे विचारतो. यादी घेऊन बसलेला रखवालदार ‘हा घरचा आहे का?’ एवढेच विचारतो. चोरांचे चेहरे रोज बदलतात, घरची माणसे मोजकीच असतात. रोज नवनवे सॉफ्टवेअर टाकणाऱ्या संगणकावर अशी यादी सांभाळणे जिकिरीचे होते. पण डीटीपीच्या त्या संगणकावर गेल्या दहा वर्षांत काही नवे आलेले नसते आणि येणारही नसते. त्याचे हे गोठलेपणच संरक्षणाच्या कामी येते. एक्सपी प्रोफेशनलमध्ये त्यासाठीची सोय सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीज या नावाने पहिल्यापासून आहे. ती फारच थोडे लोक वापरतात, याची मला खरोखर हळहळ वाटते. या पुस्तकाची सर्वांत लांब दोन प्रकरणे म्हणूनच तिच्यावर आहेत.

तरीही अँटिव्हायरस हवाच, आणि तो निवडण्याचे काही निकष आहेत. पहिला निकष कंपनीच्या नावाचा नाही, विषाणूंच्या ओळखखुणा त्या जुन्या आवृत्तीला अजून मिळतात का, याचा आहे. मायक्रोसॉफ्टच्याच सिक्युरिटी एसेन्शियल्सला एक्सपीवर त्या १४ जुलै २०१५ पर्यंत मिळाल्या, पुढे नाही. चिन्ह मात्र घड्याळाशेजारी तसेच बसून राहिले. दुसरे असे की अँटिव्हायरस संगणकात सर्वोच्च अधिकाराने चालतो. तोच शिळा असेल तर त्याच्यातले भोक बाकीच्यांपेक्षा घातक. क्रॅक केलेली जुनी आवृत्ती कुठून तरी उतरवून घेणे तर साफ वर्ज्य. तिसरे, माग्डेबुर्गच्या एव्ही-टेस्ट किंवा इन्सब्रुकच्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळांचे गुण चालू विंडोजवरच्या चाचण्यांचे असतात. ते एक्सपीला लावू नयेत. क्लॅमविन हा मुक्तस्रोत पर्याय हलका आहे, पण तो सतत पहारा देत नाही, सांगितल्यावरच तपासतो. दुसरे मत घ्यायला तो चांगला. विंडोज ७ वर नवा अँटिव्हायरस बसतच नसेल, तर दोष बहुधा त्याचा नसतो. २०१९ साली नव्या प्रकारच्या डिजिटल सहीसाठी आलेली दुरुस्ती त्या संगणकात नसते, म्हणून प्रणाली त्याची सही ओळखत नाही.

बसवलेला अँटिव्हायरस जागा आहे का, हे पाहण्याची जुनी, निर्धोक रीत आहे. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक ओळ नोटपॅडमध्ये टंकून फाइल साठवायची. ती कोणाचेही नुकसान करत नाही, पण विषाणू समजून पकडायची असा अँटिव्हायरस कंपन्यांचा आपापसातला संकेत आहे. फाइल निमूट साठली गेली, तर पहारा झोपलेला आहे.

इंटरनेटबद्दल थोडक्यात : एक्सपीवर चालणारे शेवटचे क्रोम ४९ वे आणि फायरफॉक्स ५२ वे. म्हणून त्या संगणकावर बँकेचे किंवा मेलचे काम करू नये, जमल्यास नेटची तारच काढून ठेवावी. तार काढली तरी पेन ड्राइव्ह उरतोच. २००८ चा कॉन्फिकर हा विषाणू ऑटोरनच्या वाटेने असाच शिरत असे. त्याचे भाऊबंद अजून दुकानादुकानांत भेटतात : पेन ड्राइव्ह उघडावा तर प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर छोटा बाण, आकार एक-दोन केबी, खरे फोल्डर लपवलेले आणि डबल-क्लिक केले की विषाणू चालू. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी अद्ययावत संगणकावर तपासावा, मगच जुन्याला लावावा.

हा विषय आपल्याला परका नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात करणारे कैलाश काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात फ्लॉपीतून पसरणाऱ्या विषाणूंवर इलाज लिहिला, त्याचाच पुढे क्विक हील हा अँटिव्हायरस झाला. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेली ही विद्या आहे. म्हणून हे पुस्तक लिहिताना संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकाच गावातला हार्डवेअरवाला, ग्रंथपाल आणि प्रयोगशाळेतील सहायकही माझ्यासमोर होता. या सर्वांचे इथे स्वागत आहे. गणिताची भीती असेल तर कोहेन यांच्यावरचे प्रकरण खुशाल शेवटी वाचा.

वाचायला लागण्यापूर्वी एक काम मात्र करा. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफी या अँटिव्हायरसच्या एका सदोष अपडेटने सर्व्हिस पॅक ३ असलेल्या एक्सपीतील मूळच्याच एका फाइलला विषाणू ठरवले आणि असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिले. रक्षकाच्या हातूनही असे घडते. तेव्हा ‘माय कॉम्प्युटर’वर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये आपली प्रणाली आणि सर्व्हिस पॅक पाहून वहीत टिपा, सगळ्या डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवा. अँटिव्हायरस त्यानंतरच टाका.