जागा, हक्क आणि हप्ता : इंदूरच्या गृहप्रश्नाची शंभर वर्षे

आपल्या बोलण्यात 'बिऱ्हाड' आणि 'घर' हे शब्द वेगवेगळ्या अर्थांनी येतात. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडता येते. घराला मात्र जागा लागते, त्या जागेवरचा हक्क लागतो आणि ते उभे करण्यासाठी पैशाची सोय लागते. होळकरशाहीत दक्षिणेतून माळव्यात आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनी आरंभी कोणाच्या तरी वाड्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाडच मांडले होते. पुढे नोकरी स्थिरावली, जागा मिळाली आणि बिऱ्हाडाचे घर झाले. हा प्रवास ज्यांना साधला नाही, त्यांचा प्रश्न इंदूरने गेल्या शंभर वर्षांत कसा हाताळला, याचा मागोवा घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इंदूरचे रूप झपाट्याने पालटले. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांसारख्या कापड गिरण्या निघाल्या, मजुरांचे लोंढे आले, वस्ती दाटली आणि प्लेगची भीती नित्याची झाली. अशा वेळी तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. त्या काळी मुंबईसारख्या शहरांत दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढणे हाच सुधारणेचा राजमार्ग मानला जाई. गेडिस यांचा त्याला सक्त विरोध होता. पाडापाडीने गरिबांची घरे जातात, भाडी चढतात आणि शेजारची वस्ती आणखी दाटते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मते वैद्याप्रमाणे जेवढे नासले तेवढेच कापावे. भारतातील आपल्या अहवालांतून त्यांनी एक साधी गोष्ट वारंवार मांडली : कुटुंबाची पहिली गरज पुरेशी जागा ही असते, आणि बांधकामाचा भपका ही त्यानंतरची गोष्ट आहे. हा विचार पुढे सहा-सात दशके कागदावरच राहिला.

स्वातंत्र्यानंतर शहर वाढले, पण गरिबांना परवडणारी घरे त्या प्रमाणात वाढली नाहीत. त्याचे एक कारण आपल्या वाड्यांतच दडले होते. पूर्वी वाड्यातील बिऱ्हाडे ही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची मोठी सोय होती. 1961 च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमाने भाडेकरूला संरक्षण दिले. हेतू न्याय्य होता आणि पुष्कळ कुटुंबे त्यामुळे रस्त्यावर येण्यापासून वाचली. परंतु भाडे जागच्या जागी राहिले आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. मालकाने डागडुजी सोडली, रिकामी झालेली खोली पुन्हा भाड्याने देण्याऐवजी कुलूप लावणे पसंत केले. जुन्या भाडेकरूचे छप्पर टिकले, पण नव्याने शहरात येणाऱ्याला दारच उरले नाही. तो नाल्याकाठी, रेल्वेच्या कडेला, सरकारी जमिनीवर झोपडी घालू लागला.

या झोपडीला पहिला कायदेशीर आधार 1984 साली मिळाला. मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांच्या कारकिर्दीत नगरी क्षेत्रांतील भूमिहीनांना, ते राहत असलेल्या सरकारी जमिनीचे 50 चौरस मीटरपर्यंतचे पट्टे देण्याचा अधिनियम झाला. प्रस्तुत लेखक तेव्हा नायब तहसीलदार म्हणून नुकताच सेवेत रुजू झाला होता. माळव्यातील एका लहान शहरात आम्ही फीत घेऊन झोपड्या मोजत होतो. पट्टा हाती पडल्यावर एका विडीकामगार बाईने तो पदराखाली जपून ठेवला आणि विचारले, "साहब, इस काग़ज़ पर बैंक पैसा देगी क्या?" मी मोठ्या उत्साहाने होकार दिला. दोन महिन्यांनी ती कचेरीत पुन्हा आली. बँकेने तिच्याकडे पगाराचा दाखला आणि जामीनदार मागितला होता, आणि तिच्याकडे दोन्ही नव्हते. पट्टा वारसाकडे जाई, पण विकता येत नसे. अशी जमीन तारण घेऊन पैसे देण्यास कोणी राजी नव्हते. तिचा कागद खरा होता. चुकीचे होते ते माझे उत्तर.

येथे त्या काळातील गृहवित्ताची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. 1970 साली केंद्र सरकारने हुडको ही संस्था स्थापन केली. 1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली, तर 1988 मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली. एचडीएफसीसारख्या संस्थेमुळे नियमित पगार असलेल्या मध्यमवर्गीयाला निवृत्तीची वाट न पाहता घर घेता येऊ लागले. आपल्यापैकी कित्येकांची घरे अशीच झाली. हातगाडीवाला, मोलकरीण, रोजंदारीचा गवंडी यांची मिळकत मात्र कोणत्याही दाखल्यात मावत नव्हती. हुडकोचे कर्ज व्यक्तीऐवजी गृहनिर्माण मंडळे आणि विकास प्राधिकरणे यांना मिळे. दुर्बल घटकांच्या योजनांसाठी व्याज कमी आणि मुदत लांब असे. म्हणजे गरिबापर्यंत पैसा पोहोचायचा, तर मध्ये एखाद्या सार्वजनिक संस्थेने उभे राहणे आवश्यक होते.

इंदूर विकास प्राधिकरण अशा रीतीने उभे राहिले ते 'अरण्य' योजनेत. शहरापासून सुमारे 6 किलोमीटरवर, देवासच्या रस्त्यालगत, 85 हेक्टर जमिनीवर सुमारे 6,500 भूखंडांची ही वसाहत. तिचे रचनाकार बालकृष्ण दोशी. ते 1927 साली पुण्यात जन्मले, म्हणून मराठी माणसाला त्यांच्याविषयी थोडी अधिक जवळीक वाटावी. हुडको आणि जागतिक बँक यांच्या साह्याने 1980 च्या दशकात हे काम झाले.

अरण्यातील सर्वांत लहान भूखंड 35 चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे 375 चौरस फुटांचा होता. सर्वांत मोठ्यांपैकी काही 475 चौरस मीटरच्या घरात होते. साधारण 65 टक्के भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राखलेले होते. त्यांना तयार घर न देता जोते, संडास-न्हाणी आणि नळाची जोडणी द्यावयाची, फार तर एक खोली. बाकीचे घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावयाचे. या वर्षी भिंत, पुढच्या दिवाळीनंतर स्लॅब, मुलाच्या लग्नाआधी माडी. आपल्याकडे मध्यमवर्गीयांनीही घरे अशीच बांधली आहेत. लोकांना कल्पना यावी म्हणून दोशींनी 80 नमुनाघरे बांधून दाखविली. त्यांत ओटे होते, जिने होते, सज्जे होते. गल्लीत बसून विडी वळण्यास किंवा भाजी निवडण्यास जागा होती.

त्याहून महत्त्वाचा होता तो हिशेब. हमरस्त्यालगतचे मोठे भूखंड आणि मधल्या मार्गावरील दुकानांच्या जागा बाजारभावाने विकून जो नफा होई, त्यातून लहान भूखंडांची किंमत उतरविण्यात आली. उरलेली रक्कम कुटुंबाच्या मिळकतीला झेपेल अशा हप्त्यांत फेडावयाची होती. एकाच वसाहतीत सधनांनी आपल्या भूखंडाच्या किमतीतून निर्धनांचा भार काही अंशी उचलावा, अशी ही योजना होती. 1995 साली अरण्यला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये दोशींना प्रित्झकर पारितोषिक मिळाले, तेव्हा जगाने पुन्हा इंदूरची आठवण काढली.

परंतु इतिहास लिहिताना पुरस्कारांपाशी थांबून चालत नाही. अरण्यातील बरेच भूखंड दीर्घकाळ मोकळे राहिले. वसाहत तेव्हा शहराबाहेर होती, आणि ज्याचे पोट राजवाड्याच्या बाजारात भरते त्याला रोजचे जाण्या-येण्याचे भाडे परवडत नव्हते. अनेक मूळ लाभार्थींनी आपले भूखंड अधिक सधनांना विकले. नमुनाघरांचेही तेच झाले. यात गरिबांना दोष देणे सोपे आहे. आजारपण, लग्न, थकलेले हप्ते यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाकडे विकण्यासारखी एकच वस्तू असेल, तर तो तीच विकणार.

अरण्य पूर्ण होत असतानाच, 1989 च्या सुमारास, इंदुरात दुसरी दिशा चोखाळली गेली. अभियंते हिमांशू पारीख यांनी वस्त्या न हलविता, आहेत तेथेच रस्ते, गटारे आणि पाणी देण्याची योजना आखली. ब्रिटिश सरकारच्या साह्याने 183 वस्त्यांत हे काम हाती घेण्यात आले. खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठाने मलवाहिन्या टाकून झोपडवस्ती आणि शहर यांना एकाच जाळ्यात जोडण्याची ही कल्पना गेडिस यांच्या विचाराशी नाते सांगणारी होती. तिलाही 1998 साली आगाखान पुरस्कार लाभला. पुढे मात्र घरोघरच्या जोडण्या अपेक्षेप्रमाणे झाल्या नाहीत, देखभालीची तरतूद अपुरी पडली आणि कित्येक वाहिन्या तुंबल्या. नळ टाकण्यास परदेशातून पैसा मिळाला. तो साफ ठेवण्यासाठी घरातूनच पैसा लागणार होता.

या तीन प्रयोगांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पट्ट्याने हक्क दिला, पण पैशाची सोय दिली नाही. अरण्याने जागा, सोयी आणि हप्ता दिला, पण रोजगारापासून दूर. वस्ती-सुधारणेने माणसाला त्याच्या कामाजवळ ठेवले, पण त्याचे स्वतःचे घर त्याला बांधता येईल अशी वित्तव्यवस्था केली नाही. प्रत्येक प्रयोग आपापल्या जागी बरोबर होता आणि एकटा असल्यामुळे अपुरा ठरला.

देशपातळीवरचे चित्र याला दुजोराच देते. 2012 साली केंद्राच्या तज्ज्ञगटाने नागरी भारतात सुमारे 1 कोटी 88 लाख घरांची तूट मोजली, आणि तिचा सुमारे 96 टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांत होता. त्याच सुमारास, 2011 च्या जनगणनेत, शहरांतील 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. म्हणजे केवळ घरे बांधून तूट भरत नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी भागातही सर्वांत मोठा वाटा राहिला तो, ज्याची जागा आहे त्याने अनुदान घेऊन स्वतः घर बांधावे, या घटकाचा. केंद्राचे त्यातील साह्य दीड लाख रुपयांचे. ज्याच्याकडे जागाच नाही किंवा कागद नाही, तो येथेही दाराबाहेरच राहिला.

आता थोडे आपल्याविषयी. रामबाग, नारायण बाग, जुनी इंदूर येथील आपले वाडे एकेक करून बहुमजली इमारतींना जागा देत आहेत. तो काळाचा ओघ आहे. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण करारनाम्यावर सही करताना मागील चौकातल्या दोन खोल्यांत चाळीस वर्षे राहिलेल्या शिंप्याचे किंवा धुणेवालीचे काय होणार, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मालक म्हणून आपल्यालाच असतो, आणि तो सहीपूर्वीच वापरता येतो. नव्या इमारतीत एखादी लहान खोली त्यांच्या नावे राखून तिचा खर्च वरच्या मजल्यांच्या किमतीतून भागविणे अशक्य नाही. अरण्यात 85 हेक्टरांवर जो हिशेब मांडला गेला, तोच एका वाड्यावर मांडावयाचा आहे. आपल्या पूर्वजांनाही या शहरात पहिली जागा कोणीतरी बिऱ्हाडासाठीच दिली होती.