प्रकाशाचा पीळ आणि विजेची वाट

जुहूच्या वाळूत सायंकाळी समुद्राकडे पाठ करून उभे राहिले, की मावळतीचे ऊन काठच्या इमारतींच्या काचांवर पेटलेले दिसते. तिरपे परतणारे ते ऊन ध्रुवणाच्या चष्म्यातून पाहावे आणि चष्मा हळूहळू फिरवावा. झगझगणारी काच मंदावत जाते. १८०८ साली पॅरिसमध्ये मालूसने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचा सूर्यास्त आइसलंडच्या स्फटिकातून असाच पाहिला होता. त्याचा अर्थ पुढे फ्रेनेलने लावला. प्रकाशाची कंपने आडवी असतात. परावर्तनाने ती एका पातळीत येतात, आणि कधी मळसूत्रासारखा डावा वा उजवा पीळ घेऊनही धावतात. आपल्या कारखान्यांत उसाच्या रसातली साखर मोजतात, तीही ध्रुवित प्रकाशानेच.

पण हा पीळ विजेला वाट दाखवील, हे मात्र आपल्या काळात दिसले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा पदार्थ वंगणात घालतात, म्हणजे तसा सामान्यच. त्याचा एकच पापुद्रा सोडवला, तर गंधकाच्या दोन थरांमध्ये मॉलिब्डेनमचा एक, एवढीच चळत उरते. जाडी मिलिमीटरच्या दहालक्षांशाहूनही कमी. या अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेच्या दोन तऱ्हेच्या दऱ्या असतात. एका पिळाचा प्रकाश एका दरीतले इलेक्ट्रॉन उठवतो, उलट्या पिळाचा दुसरीतले. २०१२ साली हे प्रयोगाने दिसले.

२०१४ साली कॉर्नेल विद्यापीठात किन फाई माक आणि सहकाऱ्यांनी अशा पापुद्र्यातून लांबीच्या दिशेने थोडा प्रवाह सोडला आणि वरून पिळाचा लेसर टाकला. इलेक्ट्रॉन बाजूला सरकले, आडवा विद्युद्दाब उभा राहिला. पीळ उलटताच दाबही उलटला! हॉलने १८७९ साली असा आडवा दाब दाखवला, तेव्हा त्याला चुंबक लागला होता; येथे चुंबक नव्हताच. आणि पापुद्रा दुहेरी घेतला, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. दुसरा थर पहिल्यावर उलटा बसतो आणि त्याचा कल फेडून टाकतो; एकटेपणातच तो कल उघडा पडतो.

इलेक्ट्रॉन बाजूला का वळतात? त्याच्या गणिताचा एक धागा आपल्याकडे येतो. १९५६ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत बाविशीच्या शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी दाखवले, की प्रकाशाच्या ध्रुवणाच्या अवस्था एका गोलावर मांडल्या आणि प्रकाश त्यावर फेरी मारून मूळ जागी आला, तरी लाटेचा ठेका थोडा सरकलेला असतो; किती, ते फेरीने वेढलेल्या क्षेत्रावर ठरते. लेख भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापला गेला आणि तेथेच पडून राहिला. १९८४ साली मायकेल बेरी यांनी हीच गोष्ट पुंजयामिकीत सर्वसाधारण रूपात मांडली. रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी १९८६ साली जुना लेख पुढे आणला, तेव्हा बेरींनी पंचरत्नमना मोकळ्या मनाने श्रेय दिले. पंचरत्नम मात्र १९६९ सालीच, पस्तिशीत, ऑक्सफर्डला वारले होते. इलेक्ट्रॉनांना वळवणाऱ्या त्या वक्रतेला आज बेरींचेच नाव आहे.

आपल्या मुंबईतही तिचा माग काढला जातो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख आणि सहकाऱ्यांनी किंचित फिरवून एकावर एक ठेवलेल्या ग्राफीनच्या थरांत ही वक्रता आडव्या विद्युद्दाबावरून ओळखली. तो लेख २०२२ साली प्रसिद्ध झाला. तेथे पीळ प्रकाशाला नव्हता, थरांनाच दिलेला होता.