दप्तरातील आरोपी, गावातील वीर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे मुक्कामी देह ठेवला, आणि त्यांच्यामागे राहिलेल्या कागदपत्रांचे जतन व्हावे या हेतूने पुढच्याच वर्षी त्या नगरात राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. ज्या पुरुषाने गावोगाव पायपीट करून, देशमुख-देशपांड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले रुमाल सोडून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले, त्याच्या अखेरच्या श्रमांची भूमी खानदेश ठरली, ही या प्रांताला लाभलेली मोठी पुण्याई होय. अस्सल कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्यावाचून विधान करू नये, हा त्यांचा दंडक आज जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत इतिहासाचा प्रकल्प हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला वारशाने मिळालेला आहे.

परंतु या दंडकापुढे खानदेशात एक विशेष अडचण उभी राहते. रुमाल असतात ते वतनदारांच्या घरी. ज्याच्याकडे वतन नव्हते, इनाम नव्हते, ज्याने आयुष्यात कधी कागदावर अंगठाही उठवला नसेल, अशा भिल्लाचा, रयतेतील कुणब्याचा, भूमिगताला रात्री भाकर नेऊन देणाऱ्या बाईचा कागद शोधायचा कोठे? तो सापडतो सरकारी दप्तरात, आणि तेथे तो माणूस येतो तो आरोपी, दरोडेखोर किंवा फरारी म्हणून. खानदेशातील बहुतेक उपेक्षित वीरांची पहिली, आणि पुष्कळदा एकमेव, लेखी नोंद त्यांच्या शत्रूने केलेली आहे. ती नोंद टाकून देता येत नाही आणि जशीच्या तशी स्वीकारताही येत नाही. विद्यार्थ्याच्या विवेकाची खरी परीक्षा येथेच होते.

खाज्या नाईकाचे उदाहरण घ्यावे. आग्ऱ्याहून मुंबईस जाणारा मार्ग सातपुडा ओलांडतो तो सेंधव्याच्या घाटात, आणि त्या घाटाची राखण वडिलांच्या पाठीमागे खाज्याकडे आली होती. कंपनी सरकारची चाकरी त्याने अनेक वर्षे केली. पुढे ताब्यातील एका माणसाच्या मृत्यूबद्दल शिक्षा होऊन ती गेली, आणि सुटकेनंतर त्याला पुन्हा कामावर घेण्यात आले. अशा मनुष्याने १८५७ साली सरकारी पट्टा फेकून देऊन शेकडो भिल्लांसह डोंगर जवळ केला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंदुराहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाखांचा खजिना घाटात लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी भिल्लांची जी झुंज झाली, तीत कवायती सैन्यातील अधिकारीही घायाळ झाले. लढाई संपल्यावर पाडाव केलेल्या भिल्लांना जागच्या जागी चौकशीचा देखावा करून गोळ्या घालण्यात आल्या, आणि नायकांना शरण आणण्याच्या इराद्याने स्त्रियांना धरून नेण्यात आले. खाज्याचा सहकारी भीमा नाईक पुढे काळ्या पाण्यावर गेला. खाज्या १८६० साली विश्वासघाताने मारला गेला.

हा वृत्तान्त आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः इंग्रजांच्या लेखणीतून. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटिअरात तो शांततेचा भंग म्हणून नोंदलेला आहे. आंबापाण्यात जखमी झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे वाचावयास मिळतात. गोळ्या घातलेल्या भिल्लांची मिळत नाहीत. नावांची ही विषमता भरून काढण्याइतके मोलाचे कार्य खानदेशी इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे दुसरे नाही, असे मला वाटते. त्याच वेळी दुसरी बाजूही त्याने टाळू नये. इंग्रज अधिकारी आउट्रमने १८२५ साली उभारलेल्या आणि धरणगावास ठाणे असलेल्या भिल्ल पलटणीतले शिपाईही भिल्लच होते, आणि बंडखोरांच्या पाठलागावर सरकारने त्यांना धाडले होते. एकाच जमातीतले कोणी घाटात उभे राहिले, कोणी सरकारी गणवेशात. दोघांचेही वंशज आज याच मुलखात नांदत आहेत.

आंबापाण्याच्याही आधीचा, आणि त्याहून अधिक विस्मृत असा, एक प्रसंग तापीकाठच्या काळ्या जमिनीत घडला. १८५२ साली सरकारने जमिनीची नवी मोजणी सुरू केली, तेव्हा धारा वाढणार या भयाने सावदे, फैजपूर, यावल, एरंडोल या बाजूच्या रयतेने मोजणीदारांना अटकाव केला; फौज आली, पुढाऱ्यांना पकडण्यात आले आणि मोजणी पुढे चालू झाली. त्यानंतर ८४ वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, त्याच फैजपुरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अधिवेशनासाठी राबलेले धनाजी नाना चौधरी लोकांच्या ध्यानात आहेत; १८५२ चे ते पाटील आणि कुणबी मात्र आपल्याच गावात परके झाले आहेत. या दोन पिढ्यांमध्ये काही कौटुंबिक धागा होता काय, हा प्रश्न फैजपूरच्या विद्यार्थ्याने विचारायचा नाही तर कोणी?

स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, तरीही त्यात पोकळ्या आहेत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला गोळीबारात पडलेला शिरीषकुमार मेहता स्वतःच पंधरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचे नाव स्मारकाने राखले. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारला जाणारा सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी हस्तगत केला, त्यात साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी यांच्या बरोबरीने डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील होते. उत्तमरावांच्या पत्नी लीलाताई यांनी स्वतः चळवळीत उडी घेऊन तुरुंगवास सोसला. पण कितीतरी लेखांत त्या केवळ पत्नी म्हणून येतात. आणि ज्यांनी या मंडळींना मळ्यात लपविले, निरोप पोचविले, पोलिसांचा मार खाऊन तोंड उघडले नाही, त्यांची नावे तर लेखांतही येत नाहीत. ती माणसे आता हयात नसली, तरी त्यांच्या सुना आणि नातू हयात आहेत, आणि ही संधी फार वर्षे टिकणारी नव्हे.

खानदेशच्या विद्यार्थ्यापाशी या कामासाठी एक सामर्थ्य आहे, जे मुंबई-पुण्याच्या पंडिताला सहजासहजी लाभणार नाही: तो अहिराणी, तावडी, भिल्ली किंवा पावरी बोलतो. ओट्यावर बसलेली आजी त्याला जे सांगेल, ते वही घेऊन आलेल्या परक्याला सांगणार नाही. मात्र ऐकलेल्या गोष्टीला कागदाची कसोटी लावलीच पाहिजे. आजच्या पुष्कळ प्रकल्पांत मला दोन दोष दिसतात. एक, आधीच्या गौरवग्रंथातील मजकूर उतरवून काढणे, आणि दुसरा, नायकाला निष्कलंक करण्याच्या भरात त्याच्या आयुष्यातील अडचणीची प्रकरणे गाळणे. खाज्याला झालेली शिक्षा गाळून लिहिलेले चरित्र त्याच्या बंडाचे कारणच गाळून टाकते.

कागद शोधणाऱ्याने येथील कारभाराचा इतिहासही ध्यानात ठेवावा. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यापूर्वी साऱ्या मुलखाचे कलेक्टर धुळ्यास बसत. म्हणून जळगावच्या माणसाचा जुना माग काढायला धुळ्याकडे आणि मुंबईच्या पुराभिलेखागाराकडे वळावे लागते. मोडी शिकल्यावाचून अर्धे दप्तर बंदच राहते. गावात शाळेचे जुने पट, जन्ममृत्यूच्या नोंदी, कोर्टाच्या निकालांच्या नकला, पेन्शनीचे अर्ज, थडगी आणि वीरगळ असतात; ते पाहावे, तारीख टिपावी, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवावे.

पदवीच्या अभ्यासक्रमात आता क्षेत्रप्रकल्पाला स्थान मिळाले आहे, आणि त्यामुळे दरवर्षी असे लेखन पुष्कळ होणार आहे. परीक्षेनंतर ते कपाटात पडून रद्दीत जाऊ नये, यासाठी प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, प्रत्येक प्रकल्पाची एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला द्यावी, एक त्या गावच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि एक ज्या घरी बसून ती माहिती मिळाली त्या घरी स्वतः नेऊन वाचून दाखवावी.