टर्बो गाडीसाठी एअर फिल्टर बदलताना काय पाहावं?

‘जास्त हवा, जास्त ताकद, एकदा घ्या आणि आयुष्यभर धुऊन वापरा.’ परफॉर्मन्स एअर फिल्टरच्या जाहिरातींचा सूर साधारण असा असतो. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, ह्युंदाई आय२० एन लाइन यांसारख्या टर्बो पेट्रोल गाड्या चालवणाऱ्यांना हा मोह होणं साहजिक आहे. असा फिल्टर कंपनीच्या साध्या फिल्टरच्या कितीतरी पट महाग असतो. त्यातून खरंच काही मिळतं का? आणि निवड चुकली तर काय गमवावं लागतं?

फिल्टरचं काम काय?

पेट्रोल नीट जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे इंजिन साधारण ९ हजार लिटर हवा ओढतं. चाकणमध्ये तयार होणाऱ्या व्हर्टस जीटीचं १.५ लिटरचं इंजिन ५ हजार आरपीएमवर फिरत असेल, तर मिनिटाला सुमारे ३,७५० लिटर हवा फक्त सिलिंडर भरायलाच लागते. टर्बो त्याहून जास्त हवा आत कोंबतो.

या हवेसोबत धूळही येते. धुळीतले वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. ते आत गेले की पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत घासली जाते. टर्बोची पाती मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात, त्यांच्या कडाही झिजतात. ही झीज लगेच कळत नाही. हळूहळू इंजिन ऑइल कमी होऊ लागतं, निळसर धूर दिसतो आणि ओढ कमी होते. तोवर प्रकरण इंजिन उघडण्यापर्यंत गेलेलं असतं.

ताकद वाढते का?

मूळ स्थितीतल्या गाडीत फार नाही. स्वच्छ पेपर फिल्टरमुळे हवेला होणारा अडथळा वातावरणाच्या दाबाच्या साधारण एखाद-दोन टक्क्यांइतकाच असतो. तो अडथळा निम्मा केला, तरी हाती लागणारा फायदा किरकोळच. शिवाय टर्बो इंजिनचा कॉम्प्युटर ठरावीक बूस्ट राखण्याचा प्रयत्न करतो. त्यामुळे फिल्टरमधला छोटा फरक टर्बो स्वतःच भरून काढतो.

तुंबलेल्या फिल्टरची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये अशा फिल्टरच्या चाचण्या केल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शन गाड्यांच्या मायलेजमध्ये फारसा फरक पडला नाही, पण गाडी वेग पकडायला सुमारे ६ ते ११ टक्के जास्त वेळ घेऊ लागली. म्हणजे जुना फिल्टर काढून कोणताही चांगला नवा फिल्टर बसवला, तरी गाडी चपळ वाटते. श्रेय मात्र बऱ्याचदा महागड्या फिल्टरला दिलं जातं.

इंजिन रिमॅप करून ताकद बरीच वाढवली असेल, मोठा टर्बो बसवला असेल किंवा गाडी ट्रॅकवर धावत असेल, तर हवेची गरज वाढते. तिथे कमी अडथळ्याच्या फिल्टरला अर्थ आहे.

चार मुख्य प्रकार

• पेपर : बहुतेक गाड्यांत कारखान्यातून हाच येतो. धूळ उत्तम अडवतो आणि स्वस्त असतो. धुता येत नाही, बदलावा लागतो.

• तेल लावलेला कापसाचा : अमेरिकेची के अँड एन, इटलीची बीएमसी यांचे फिल्टर या प्रकारचे. हवा सहज जाते, धूळ तेलाला चिकटते. धुऊन पुन्हा तेल लावता येतं.

• फोम : ऑफ-रोड मोटारसायकलींमध्ये जास्त दिसतो. त्यालाही बहुधा तेल लागतं.

• कोरडा सिंथेटिक : तेलाची गरज नाही, धुऊन वापरता येतो. तेलाची कटकट नको असेल त्यांच्यासाठी मधला मार्ग.

तेलाच्या फिल्टरमध्ये एक धोका असतो. तेल जास्त झालं, तर ते हवेबरोबर पुढे जाऊन मास एअरफ्लो सेन्सरच्या नाजूक तारेवर बसतं. हा सेन्सर असलेल्या गाड्यांत मग हवेचं मोजमाप चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

९९ आणि ९७ : फरक दोनचा की तिप्पट?

खोक्यावर ‘९७ टक्के कार्यक्षमता’ वाचून फिल्टर चांगलाच वाटतो. पण हिशेब उलटा करून पाहावा. फिल्टरपर्यंत १०० ग्रॅम धूळ आली, तर ९९ टक्क्यांचा फिल्टर १ ग्रॅम आत सोडतो आणि ९७ टक्क्यांचा ३ ग्रॅम. इंजिनासाठी ही तिप्पट धूळ आहे.

हा आकडा आयएसओ ५०११ या मानकानुसार मोजलेला आहे का, ते पाहावं. चाचणीची धूळ जाड होती की बारीक, हेही महत्त्वाचं. जाड धूळ अडवणं सोपं असल्याने तिच्यावरचा आकडा नेहमी देखणा दिसतो. कंपनी फक्त ‘हवा इतकी जास्त’ एवढंच सांगत असेल आणि धुळीबद्दल गप्प असेल, तर तो फिल्टर टाळलेला बरा.

ओपन फिल्टर आणि पावसाळा

मूळ डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला की टर्बोचा आवाज छान येतो. पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढू शकतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. मिळालेला फायदा तिथेच संपतो. फिल्टर खाली, बंपरजवळ बसवला असेल, तर तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढलं जाण्याची भीती असते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते सिलिंडरमध्ये शिरल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मुंबई-ठाण्याच्या पावसात गाडी चालवणाऱ्यांनी हा विचार आधी करावा.

बसवताना आणि नंतर

फिल्टर कितीही भारी असला, तरी त्याची रबरी कड डब्यात घट्ट बसली नाही तर धूळ बाजूने थेट आत जाते. म्हणून गाडीच्या मॉडेल आणि इंजिननुसार पार्ट नंबर जुळवून घ्यावा. बसवल्यावर काही दिवसांनी डबा उघडून फिल्टरच्या इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवावं. बोटाला धूळ लागली, तर काहीतरी चुकतंय.

पेपर फिल्टरला गॅरेजमध्ये ‘हवा मारून’ पुन्हा बसवण्याची सवय मोडलेली चांगली. जोरदार हवेने कागदाचे तंतू फाटतात. शिवाय थोडा वापरलेला पेपर फिल्टर नव्यापेक्षा धूळ जास्त चांगली अडवतो, त्यामुळे तो सारखा साफ करण्याची गरजही नसते. ठरलेल्या अंतरावर बदलावा. धुळीच्या रस्त्यांवर वापर असेल, तर त्याआधीच. कापसाचा फिल्टर धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळवावा आणि तेल सांगितलं असेल तेवढंच लावावं.

मग कोणता घ्यावा?

मूळ स्थितीतली गाडी रोज शहरात, महामार्गावर आणि खडीच्या रस्त्यांवर चालत असेल, तर दर्जेदार पेपर फिल्टरच उत्तम. धुऊन वापरायचा असेल, तर चाचणीचे आकडे जाहीर करणारा कोरडा सिंथेटिक पाहावा. कापसाचा फिल्टर रिमॅप केलेल्या गाडीला आणि वेळेवर देखभाल करणाऱ्या मालकालाच शोभतो. वॉरंटी सुरू असेल, तर बदलापूर्वी तिच्या अटी वाचून घ्याव्यात. फिल्टर किती हवा आत घेतो, हे खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं. किती धूळ बाहेर ठेवतो, हे मात्र गिऱ्हाइकालाच शोधावं लागतं.