पन्नास सह्यांचं मुखत्यारपत्र

या शनिवार-रविवारचा विषय वाचून निम्मी जनता पळून जाईल याची मला कल्पना आहे. विषय आहे अर्ज. हो, तोच तो, "विनंती विशेष" वाला.

माझं मूळ गाव आणे, तालुका जुन्नर. आळेफाट्याहून नगरकडे निघालात की घाट चढून वर जे पठार लागतं ते आमचं. रंगदास स्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीमुळे काहींनी नाव ऐकलं असेल. बाकी पठाराची ओळख म्हणजे पाण्याची टंचाई. कुकडी प्रकल्पाची धरणं याच परिसरात, पण कालवे खालून जातात आणि पठार वर कोरडंच. त्यामुळे 'निवेदन' हा शब्द आमच्याकडे पोरांना शाळेत जायच्या आधीच कळतो. निवेदन घेऊन कोण जाणार, यावर पारावर जेवढी चर्चा होते तेवढी निवेदनात काय लिहायचं यावर होत नाही. लहानपणी मला हे हास्यास्पद वाटायचं. इतिहास वाचायला लागल्यावर कळलं की अख्खी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

आमच्या धंद्यातसुद्धा तेच. रिक्वायरमेंट आली की मॅनेजर पहिल्यांदा विचारतो, "हे सांगणारा कोण? त्याला सांगायचा अधिकार आहे का?" मागणी बरोबर की चूक ते नंतर. इंग्रज सरकार या बाबतीत कुठल्याही क्लायंटपेक्षा वरचढ होतं. अर्ज आला की साहेबाचं ठरलेलं उत्तर: हे चार शिकलेले लोक स्वतःपुरतं बोलतायत, रयतेचं यांना काय माहीत?

यावर पुण्यात जे उत्तर शोधलं गेलं ते मला फार आवडतं. 2 एप्रिल 1870 ला पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त काय, तर पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारी! देवस्थानच्या हिशेबापासून सुरुवात झाली आणि गाडी थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेली. सभेचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी. वकील माणूस. पुढे लोक त्यांना 'सार्वजनिक काका'च म्हणायला लागले.

सभेचा नियम असा: वर्गणी भरली आणि झालो सभासद, असं चालणार नाही. किमान 50 प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे त्या 50 जणांनी लिहून द्यायचं की आमच्या वतीने बोलायचा अधिकार आम्ही या गृहस्थांना दिला आहे. सुरुवातीला असे 95 प्रतिनिधी होते आणि त्यांच्यामागे सुमारे 6000 माणसं. हिशेब केला तर प्रत्येकी साठाच्या वर सह्या. देशात कायदेमंडळाची निवडणूक नाही, मतदार यादी नाही, काही नाही. अशा वेळी एका वकिलाने कोर्टकचेरीतलं रोजचं मुखत्यारपत्र उचललं आणि त्यातून लोकप्रतिनिधी घडवला. वकिली डोकंच ते.

नुसत्या सह्यांचा ढीग लावला तर काय होतं हे इंग्लंडमध्ये आधीच दिसलं होतं. 1848 साली तिथल्या चार्टिस्ट कामगारांनी मताधिकारासाठी पार्लमेंटला अर्ज दिला. दावा 50 लाखांहून जास्त सह्यांचा. पार्लमेंटच्या कारकुनांनी मोजल्या तर भरल्या 20 लाखांच्या आत, आणि त्यात खुद्द व्हिक्टोरिया राणीचीही 'सही' सापडली. झालं! मागणी बाजूला राहिली आणि अर्जाची चेष्टा सुरू झाली. वीस लाख हा आकडाही काही लहान नव्हता, पण तो कोण ऐकतो?

1871 मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात बदलून आले आणि सभेच्या लिखाणाला धार आली. रानडे सरकारी नोकरीत, त्यामुळे पडद्यामागे राहून काम. लगेच सभेने एक उपसमिती नेमून शेतीच्या स्थितीची चौकशी सुरू केली, तिचा अहवाल 1873 चा. हे महत्त्वाचं आहे. आधी माहिती गोळा करा, मग मागणी लिहा. त्या काळात 30 वर्षांची जमीनमोजणीची मुदत संपून पुणे जिल्ह्यात सारा नव्याने ठरत होता आणि काही ठिकाणी भयानक वाढला होता. ओरड एवढी झाली की ऑक्टोबर 1874 मध्ये मुंबई सरकारला मर्यादा घालावी लागली: तालुक्याची एकूण वाढ 33 टक्क्यांपेक्षा जास्त नको, एका गावाची 66 पेक्षा आणि एका खातेदाराची दुपटीपेक्षा जास्त नको. (साऱ्यात शंभर टक्के वाढ चालेल, ही झाली 'सवलत'!) हे श्रेय एकट्या सभेला देणं बरोबर नाही, पण कागदावर मांडलेल्या गाऱ्हाण्याला वजन असतं हे तिच्या लोकांना दिसलं असणार.

मग 1875 मध्ये सभेने सरळ हाउस ऑफ कॉमन्सकडे अर्ज केला. मागणी: पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी हवेत. काँग्रेस जन्मायला अजून दहा वर्षं होती, हे लक्षात घ्या. 1 जानेवारी 1877 ला लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला. राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांत मढून आलेले, आणि त्यात आमचे सार्वजनिक काका जाड्याभरड्या खादीत! सभेचं मानपत्र घेऊन गेले होते. त्यातली मागणी अशी की ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी प्रजेला द्या. मानपत्राच्या आवरणाखाली तक्रार अर्ज. दिला काय त्यांनी? अर्थातच नाही. आणि त्याच हिवाळ्यात दख्खनमध्ये दुष्काळ पडलेला, दुष्काळी कामांवरची मजुरी सरकार कापतंय, लोक कामं सोडून जातायत आणि सभा गावोगावची माहिती मागवून सरकारला पत्रांवर पत्रं पाठवतेय.

इथवर वाचून सभेच्या प्रेमात पडला असाल तर थोडं थांबा. माझंही तसंच झालं होतं. पण "तुम्ही कोण?" हा प्रश्न फक्त साहेबच विचारत नव्हता. महात्मा फुलेही विचारत होते, आणि त्यांचा प्रश्न जास्त बोचरा होता. नाव सार्वजनिक, पण त्यात शूद्र-अतिशूद्र किती? 50 सह्यांचा नियम छानच, पण ज्याला अक्षरच येत नाही तो सही कुठून करणार? आणि त्याला मुखत्यारपत्र मागायला त्याच्या दारात जाणार कोण? 1882 मध्ये फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा पैसा येतो शेतकऱ्याच्या साऱ्यातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, हा त्यातला मुद्दा. या निवेदनामागे मुखत्यारपत्रं नव्हती. पण ते वाचल्यावर प्रश्न पडतो की शेतकऱ्याचा खरा मुखत्यार नक्की कोण होता?

आता येतो आमचा जुन्नर तालुका. आण्याहून आळेफाट्याला उतरून त्याच रस्त्याने माळशेजकडे निघालं की ओतूर लागतं. ओतूर हा सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला, भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे तिथलेच. 1884 च्या सुमारास या तालुक्यातल्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायला सरळ नकार दिला. जमिनी पडीक राहिल्या तरी चालतील, पण या अटींवर नांगर धरणार नाही. हा अर्जच होता म्हणा, फक्त कागदाशिवाय. नापेर राहिलेलं शेत कुणालाही वाचता येतं. त्यावर सहीची गरज नाही आणि ती खोटी म्हणायची सोयही नाही.

त्याच वर्षी फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5500 कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनला दिलं. लोखंड्यांचं मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुक्यातलं. मागण्यांत आठवड्याची एक सुट्टी होती. ती मिळायला 10 जून 1890 उजाडला. तुम्ही हा लेख रविवारी वाचत असाल तर तो रविवार फुकट आलेला नाही, एवढं सांगून ठेवतो.

सार्वजनिक सभेचं पुढे काय झालं? 1880 मध्ये काका गेले. 1895 मध्ये सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या गटाने बाजी मारली, रानडे-गोखले मंडळींनी 1896 मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. तेवढ्यात पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी टिळकांच्या सभेने उलटाच मार्ग धरला: गावाचं म्हणणं सरकारकडे नेण्याऐवजी सरकारचाच दुष्काळ कायदा मराठीत छापून गावात नेला. पीक बुडालं तर साऱ्यात सूट मागता येते, ती मागा, असं सभेचे लोक शेतकऱ्यांना सांगत फिरू लागले. जे सरकार 27 वर्षं या अर्जांना निदान पोच तरी देत होतं, त्याला हे अजिबात सोसलं नाही. मार्च 1897 मध्ये सरकारने जाहीर केलं की सार्वजनिक सभेला सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा अधिकार राहिलेला नाही.