गीतांची अकारविल्हे सूची

गीताच्या पहिल्या अक्षरावरून गीतांची वर्णानुक्रमाने केलेली मांडणी. अभंग, पद, लावणी, पोवाडा, आरती इ. प्रकारांतील रचनांना कवीने स्वतंत्र शीर्षक दिलेले सहसा नसते. प्रारंभीचे दोन-तीन शब्द हेच त्यांचे नाव असते. त्यामुळे ग्रंथाच्या अखेरीस जोडलेली ही सूची मराठी गीतसंग्रहांत केवळ सोयीची पुरवणी नसून रचना ओळखण्याचे मुख्य साधन ठरली आहे.

हस्तलिखितांच्या काळात अशा सूचीची गरज भासलेली दिसत नाही. कीर्तनकार, वारकरी व शाहीर यांची बाडे म्हणजे वापरासाठी शिवलेल्या वह्या. तीत पदांचा क्रम प्रसंगावर, देवतेवर, आख्यानावर किंवा लिहून घेणाऱ्याला ते पद जेव्हा मिळाले त्या वेळेवर अवलंबून असे. ज्याला पद पाठ होते त्याला ते शोधावे लागत नसे. पुण्यातील सदाशिव पेठेत वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत जुनी बाडे जमा होऊ लागली, तेव्हा ही स्थिती पालटली. बाड मूळ मालकाच्या हातून सुटले की ते जाणणारी स्मृतीही सुटते. एखादे पद आपल्याजवळ आहे की नाही हे ठरविण्यास संग्राहकाला पहिल्या अक्षराखेरीज आधार उरत नाही. सदाशिवराव भाऊंच्या (१७३०–६१) नावाने वसलेल्या या पेठेत पुढे महाराष्ट्र साहित्य परिषदेचेही (स्थापना १९०६) कार्यालय आले. जुन्या काव्याचा शोध, संपादन आणि मुद्रण ही कामे पुण्यात जवळजवळ शेजारी चालत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मुद्रणाने सूचीला खरे महत्त्व आणले. शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी देहू, कडूस, तळेगाव व पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून तुकारामांच्या अभंगांची गाथा दोन भागांत (१८६९, १८७३) सिद्ध केली. पुढे निरनिराळ्या प्रती निघाल्या. त्यांत अभंगांची संख्या, क्रम व क्रमांक वेगवेगळे पडले. म्हणून केवळ क्रमांक देऊन अभंगाचा निर्देश करणे निरुपयोगी झाले. एका प्रतीतला अभंग दुसऱ्या प्रतीत काढायचा, तर पहिल्या चरणाची सूची हाच दोहोंमधील दुवा.

याहून मोठे काम या सूचीने नकळत केले. मराठी संतकाव्यात कर्त्याची नाममुद्रा शेवटच्या चरणात येते, तर रचनेची ओळख पहिल्या चरणाने होते. दोन संतांच्या गाथांच्या सूच्या शेजारी ठेवल्या, की एकच प्रारंभ असलेले अभंग दोन्हीकडे आढळतात. पाठांतराच्या ओघात मुद्रा बदलते, आरंभ मात्र बहुधा टिकतो. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या आहेत, हा अभ्यासकांपुढील जुना प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये नामदेव गाथा प्रसिद्ध केली, तेव्हाही तो संपादकांपुढे होताच. कर्तृत्वाचा निवाडा सूची करू शकत नाही; तो भाषा, संदर्भ व हस्तलिखितांचा काळ यांवरूनच करावा लागतो. परंतु संशय कोठे घ्यावा हे तीच दाखविते.

आरंभ टिकतो हे विधानही पूर्णतः खरे नाही. अभंग लिहिताना ध्रुपद बहुधा पहिल्या चरणानंतर नोंदलेले असते. गाताना मात्र अनेकदा ध्रुपदापासूनच सुरुवात होते. ज्याने अभंग केवळ ऐकला आहे, तो सूचीत भलत्याच अक्षराखाली शोधतो आणि अभंग गाथेत नाही असा निष्कर्ष काढतो. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचे प्रसारण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीला सुरू झाले. त्यातील ५६ गीतांपैकी पहिल्याच गीताचा निर्देश कोणी ध्रुपदाच्या पहिल्या ओळीने करतात, तर कोणी दुसऱ्या ओळीने. परिणामी ते कधी ‘स’मध्ये सापडते, तर कधी ‘क’मध्ये. ज्ञानेश्वरीच्या अखेरची प्रार्थना सर्वतोमुखी ‘पसायदान’ म्हणून रूढ आहे, परंतु तिचा आरंभ ‘आ’ने होतो. दोन्ही ठिकाणी नोंद करणारा सूचीकार वाचकाचा दुवा घेतो.

संगीत नाटकांनी पहिल्या शब्दांना आणखी एक अर्थ दिला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून (१८८०) नाटकाच्या पुस्तकात पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या परिचित गीताचे प्रारंभीचे शब्द छापण्याचा प्रघात रूढ झाला. म्हणजे गीताचे नाव हेच सुरावटीचेही नाव बनले. पुढील पिढ्यांत मूळ गीते विस्मरणात गेली, आणि अनेक पदांवरील चालीची सूचना आज मुकी झाली आहे. वि. ना. भातखंडे (१८६०–१९३६) यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत चिजा रागवार लावल्या व स्वरलिपीत उतरविल्या. तेथे पहिल्या शब्दांवर सुरावटीचा भार उरला नाही.

वर्णानुक्रम अक्षरांचा असतो, ध्वनींचा नव्हे. मराठीत या दोहोंतील अंतर विशेष जाणवते. ‘चंद्र’ व ‘चाफा’ यांतील पहिले वर्ण कानाला भिन्न, पण सूचीत एकच. उलट ‘ऋ’ आणि ‘रु’ उच्चारात जुळतात, तरी सूचीत एक स्वरांत व दुसरा व्यंजनांत, असे दूर पडतात. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ जोडाक्षरे मानून ‘क’ व ‘ज’खाली घ्यावीत की वर्णमालेच्या शेवटी, याबाबत कोशकारांत एकवाक्यता नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारल्यावर अनुच्चारित अनुस्वार गेले. ज्या सूचीत अनुस्वारयुक्त अक्षर आधी घेतात, तीत ‘कांहीं’ने सुरू होणारे पद ‘का’च्या गटात अगदी वर असे, ‘काही’ होताच ते त्याच गटाच्या तळाशी गेले. वि. दा. सावरकरांच्या लिपिसुधारणेतील ‘अि’, ‘अु’, ‘अे’ ही रूपे सर्वत्र रूढ झाली असती, तर स्वरादी गीतांचे सर्व गट ‘अ’खाली एकवटले असते.

या क्रमाचा प्रवास भारताबाहेरही झाला आहे. जपानी भिक्षू कूकाई (७७४–८३५) याने ८०६ मध्ये चीनहून सिद्धम् लिपीतील संस्कृत ग्रंथ नेले. बौद्ध पंडितांच्या या अभ्यासातून जपानी अक्षरांची ‘गोजूओन’ ही मांडणी आकाराला आली. तिच्यात स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने आणि व्यंजने क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने येतात. ‘स’ हा चवर्गाच्या व ‘ह’ हा पवर्गाच्या जागी आहे, कारण त्या काळी त्यांचे उच्चार त्या वर्गांना जवळचे होते. अकराव्या शतकापासून ही मांडणी आढळत असली, तरी जपानात दीर्घकाळ ‘इरोहा’ या सर्व ४७ अक्षरे एकेकदाच योजलेल्या पद्याचा क्रमच अधिक प्रचलित होता. ओत्सुकी फुमिहिको याच्या गेंकाई (१८८९–९१) या शब्दकोशाने गोजूओन स्वीकारली. जपानी गीतसूचीत एखादे अक्षर कोठे असेल याचा अंदाज मराठी वाचकाला सहज बांधता येतो, तो यामुळे.

आद्यध्वनीला जपानात खेळाचेही रूप मिळाले. फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) याने शंभर कवींची एकेक कविता निवडली. त्या संग्रहाच्या पत्त्यांवर ‘करुता’ हा खेळ खेळतात. वाचक कविता म्हणू लागताच तिच्या उत्तरार्धाचा पत्ता उचलायचा असतो. ‘अ’ने सुरू होणाऱ्या कविता सर्वाधिक, म्हणजे १६ आहेत, तेथे पुढील अक्षरांची वाट पाहावी लागते. मु, सु, मे, फु, सा, हो, से यांपैकी प्रत्येकाने मात्र एकच कविता सुरू होते व पहिल्या ध्वनीसरशी हात पडतो. कुरोइवा रुइको याने १९०४ मध्ये तोक्यो येथे या खेळाचे नियम बांधून सामना भरविला.

मराठी भेंड्यांत जिंकण्याची कसोटी वेगळी आहे. तेथे गीत ज्या अक्षरावर थांबते, त्या अक्षराने प्रतिपक्षाने दुसरे सुरू करायचे असते. पूर्वी भेंड्या श्लोक व कवितांच्या असत. पाठांतर पक्के करण्याचा तो घरगुती मार्ग होता. मराठी शब्द ‘ण’ व ‘ळ’ यांनी सुरू होत नसल्यामुळे त्यांऐवजी ‘न’ व ‘ल’ चालवून घेतात. जपानी शिरितोरी या शब्दांच्या खेळात अनुनासिक ‘न्’वर संपणारा शब्द उच्चारणारा हरतो, कारण त्या अक्षराने शब्दाचा आरंभ होत नाही. अडचण एकच, पण मराठी घराने त्यातून तडजोड काढली आणि जपानी खेळाने शिक्षा.

एका मोठ्या गीतराशीपुढे मात्र अकारविल्हे मांडणी हतबल ठरते. जात्यावरच्या ओव्यांना नाव नाही, नाममुद्रा क्वचित, आणि आरंभ तर ठराविक साच्यांचा. पहिली ओवी, दुसरी ओवी असे म्हणत सुरू होणाऱ्या शेकडो रचना एकाच अक्षरात अडकतात. पुण्यातील हेमा राईरकर व गी पॉइट्‌व्हाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांची वर्गवारी माहेर, भाऊ, सीता, श्रम अशा विषयांनुसार करावी लागली, आणि नोंदीत ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे व तिच्या गावाचे नाव घालण्यात आले.