डोंगरातला विसावा कुणाचा?

आमच्या पडेगावावरून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडे रोज गाड्या जातात. लेणी बघायला माणसं लांबून येतात. पण डोंगर फोडून ही घरं केली कुणासाठी, ते आज आपण बघू.

बुद्धाचे भिक्खू गावोगाव फिरत. पावसाळ्यात वाटा चिखलाच्या होत, कोवळी रोपं आणि किडामुंगी पायाखाली येत. म्हणून आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहायचं, असा नियम झाला. त्याला वर्षावास म्हणतात. भिक्खुणीही तो पाळत.

जागा निवडायलाही रीत होती. बिंबिसार राजाने राजगृहाजवळचं वेळुवन बुद्धाला दिलं, तेव्हा त्याने काय पाहिलं? जागा गावापासून फार लांब नको, फार जवळही नको. जायला-यायला सोपी हवी. दिवसा गर्दी नको, रात्री गोंगाट नको. लांब का नको? कारण जेवण गावातूनच यायचं.

आपल्याकडची लेणी याच हिशेबात बसतात. अजिंठ्याला वाघूर नदीचं वळण आहे. वेरूळच्या 34 लेण्यांपैकी पहिली 12 बौद्धांची. त्यांतल्या विहारांत लहान खोल्या आहेत, निजायला दगडी ओटे आहेत. आमच्या जवळची औरंगाबाद लेणी मकबऱ्यामागच्या डोंगरात, मुख्यतः सहाव्या-सातव्या शतकातली. तिथल्या सातव्या लेण्यात नाचणारी बाई आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बाया कोरल्या आहेत. त्या जरूर बघा.

आणि हा विसावा दिला कुणी? राजांनी, व्यापाऱ्यांनी, तसा बायकांनीही. नाशिकच्या लेण्यांत शिलालेख आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दुसऱ्या शतकात तिथलं तिसरं लेणं भिक्खूंना दान दिलं. नहपान राजाची लेक दक्षमित्रा हिने एक खोली दिली. दोघींची नावं दगडावर आजही आहेत.

पण ज्या महिन्यांत भिक्खू स्वस्थ बसत, त्याच महिन्यांत शेतात पेरणी, निंदणी, खुरपणी चाले. भिक्षेच्या वाडग्यात पडणारं अन्न कुणीतरी पिकवलं, दळलं, रांधलं होतं. त्यांतल्या बहुतेकांची नावं दगडावर नाहीत. आजही श्रावणात आपली कंबर वाकलेलीच असते.

म्हणून आम्ही म्हणतो, विसावा ही चैन नाही. दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी त्याची गरज मानली, त्याला नियम केला, जागा दिली, खर्च केला. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाबरोबर हाही विषय घ्या: सुगी संपल्यावर एक दिवस सगळ्याजणी मिळून डोंगरात जायचं. जागा जुन्याच रीतीने निवडा. पाणी हवं, सावली हवी, संध्याकाळी घरी परतता यावं. त्या दिवशी घरचा स्वयंपाक कोण करणार, तेही आधीच घरात ठरवून घ्या.